कोंबडीची आणि बदकाची पिल्लं: पहिल्या दिवसापासून परसात सोडेपर्यंत

परसात कोंबड्या असलेल्या घराला कधी ना कधी बदकांची हौस होतेच. पिल्लं येतात, पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं शोधलं जातं, वर बल्ब टांगला जातो आणि दोन्ही पिल्लं त्यात सोडली जातात. दोघांनाही ऊब लागते, दोघंही भरडा खातात, मग वेगळं कशाला ठेवायचं, असा हिशेब असतो. पिल्लांची मर बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. बदकाचं पिल्लू पाण्यात चोच घालून घालून काही तासांत खाली चिखल करतं. कोंबडीच्या पिल्लाला ओली गादी (खाली पसरलेलं तूस) म्हणजे थंडी, रक्ती हगवण आणि डोळ्यांना झोंबणारा अमोनिया. बदकाला जेवढी ऊब पुरते तेवढ्यात कोंबडीचं पिल्लू कुडकुडतं. शिवाय बदक झपाट्याने वाढतं आणि दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या पिल्लांना तुडवायला लागतं. म्हणून जागा दोन हव्यात, भांडी वेगळी हवीत, आणि रोजचं झाडणं-भरणं आधी कोंबडीच्या पिल्लांकडे, मग बदकांकडे, याच क्रमाने हवं.

पुढची सगळी मापं कोंबडीची ५० आणि बदकाची १० पिल्लं धरून दिली आहेत. घरच्या माणसांना शेतीची कामं सांभाळून एवढी जमतात.

जात कोणती, पिल्लं कुठून

घरी अंडी आणि अधूनमधून मटण अशी दोन्हींची अपेक्षा असेल तर गिरिराज किंवा वनराज घ्यावी. गिरिराज बंगळूरची, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची. अंड्यांवर भर असेल तर त्याच संस्थेची ग्रामप्रिया बरी. या जाती परसात चांगल्या वाढतात, पण त्या सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत आणि त्यांच्या पुढच्या पिढीत तो जोम राहत नाही. म्हणजे दर वेळी पिल्लं विकत आणावी लागतात. ज्यांना घरचीच पिल्लं काढायची आहेत त्यांनी सोबत चार-पाच गावरान कोंबड्या ठेवाव्यातच.

बदकांत अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल आणि मटणासाठी पांढरी पेकिन. चांगल्या देखभालीत खाकी कॅम्पबेल वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, पण तीही खुडूक बसत नाही.

पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. नोंदणी आधी करावी लागते, ऐनवेळी जाऊन पिल्लं मिळत नाहीत. खासगी हॅचरीतून घेताना एकच प्रश्न नेमका विचारा: मरेक्स या रोगाची लस टोचली आहे का? ही लस पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली टोचायची असते, घरी आणल्यावर ती संधी गेलेली असते.

पिल्लू हातात घेऊन बघा. डोळे चमकदार, पाय ओलसर चकचकीत, बेंबी पूर्ण मिटलेली आणि कोरडी हवी. बेंबीपाशी काळी खपली, ओल किंवा कुबट वास असेल तर ते पिल्लू दोन-चार दिवसांत जातं. ही चूक उबवणीतली असते, घरी कितीही काळजी घेतली तरी सुधारत नाही.

अंड्यातून बाहेर पडताना पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस तग धरतं. म्हणूनच पिल्लं लांबून पाठवता येतात. पण त्या भरवशावर राहू नका, २४ तासांच्या आत पाणी आणि दाणा मिळालेली पिल्लं पुढे स्पष्टपणे सरस निघतात. उन्हाळ्यात प्रवास पहाटे, हिवाळ्यात दुपारी.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देण्याची जागा, पहिल्या वेळी अवघड वाटत असेल तर ८ ते १० आठवड्यांच्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या वाढत्या कोंबड्या) घेऊन सुरुवात करणं शहाणपणाचं आहे. त्यांना कृत्रिम ऊब लागत नाही.

कोंबडीच्या पिल्लांचं ब्रूडर

खोक्याऐवजी गोल कडं करा. कोपरा असला की घाबरलेली किंवा गारठलेली पिल्लं त्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. दीड फूट उंचीची आणि २० फूट लांबीची पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या. सुरुवातीला टोकं एकमेकांवर सरकवून घेर १३ फुटांचा ठेवला की ४ फूट व्यासाचं कडं होतं, पहिल्या तीन-चार दिवसांना ते पुरतं. पुढे पट्टी मोकळी करत घेर १९ फुटांपर्यंत नेला की व्यास ६ फूट होतो. तिथून पुढे, साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, कडं काढून खोलीचा एक भाग मोकळा करून द्या. चार आठवड्यांपर्यंत पिल्लामागे अर्धा चौरस फूट, आठ आठवड्यांपर्यंत एक चौरस फूट, हा हिशेब धरा. दाटी झाली की पिसं टोचणं सुरू होतं, आणि एकदा रक्त दिसलं की सगळी पिल्लं त्या एकावर तुटून पडतात.

जमिनीवर आधी चुन्याची निवळी मारून वाळू द्या. त्यावर दोन ते तीन इंच भाताचं तूस. लाकडाचा बारीक भुसा नको, पिल्लं तो दाणा समजून खातात. शेंगांची टरफलं चालतात, पण ती कोरडी ठणठणीत हवीत. बुरशी धरलेल्या तुसाचा परिणाम पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो: पिल्लं मान वर करून, तोंड उघडून श्वास घेतात, आवाज मात्र फारसा येत नाही. त्या आजारावर औषध नाही. तूस पावसात भिजलेल्या ढिगातून आणू नका, आणि आणलेलं एक दिवस कडक उन्हात पसरा.

पहिले दोन दिवस तुसावर कागद अंथरावा लागतो, म्हणजे दाणा कुठला आणि तूस कुठलं हे पिल्लाला कळतं. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात आणि तसेच राहतात. नागमोडी पुठ्ठा किंवा धुतलेलं गोणपाट उत्तम.

उबेसाठी पिवळ्या प्रकाशाचा जुना तारेचा बल्बच लागतो, एलईडी उजेड देतो पण ऊब देत नाही. पिल्लामागे २ वॅट धरा, थंडीत ३. म्हणजे ५० पिल्लांना ६० वॅटचे दोन बल्ब. १०० वॅटचा एकच लावण्यापेक्षा दोन बरे, रात्री एक उडाला तरी दुसरा पहाटेपर्यंत तारून नेतो. बल्ब जमिनीपासून सव्वा ते दीड फुटावर, वायरला नव्हे तर साखळीला किंवा जाड तारेला टांगा. वायर निसटून बल्ब तुसात पडला की आग लागते.

पिल्लांच्या पाठीच्या उंचीला पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. थर्मामीटर हवाच, पण शेवटचा निर्णय पिल्लांवर सोडा. बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवाट चालला असेल तर थंडी आहे. कड्याला चिकटून, पंख सैल सोडून, तोंड उघडं ठेवून बसली असतील तर उकाडा. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतोय, तिथली फट बुजवा. गोलभर विखुरलेली, काही खाणारी, काही पाय ताणून झोपलेली दिसली की बल्बला हात लावू नका. रात्री दहा वाजता आणि पहाटे चारला एकदा टॉर्च घेऊन बघाच, कारण पहाटेची थंडी संध्याकाळी कळत नाही. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दिवसा बल्ब बंदच ठेवावा लागतो. तिथे अडचण उलटी असते, छपरावर पेंढा टाकून पाणी शिंपडावं लागतं.

वीज गेली तर? यासाठी तयारी पहिल्या दिवशीच हवी. कोळशाची शेगडी पेटवा, धूर पूर्ण संपून निखारे लाल झाले की विटांवर ठेवा, वरून तळाला भोकं पाडलेलं मडकं पालथं घाला आणि भोवती जाळी लावा म्हणजे पिल्लं भाजणार नाहीत. खोली बंद करून शेगडी ठेवू नका, वरची खिडकी किंवा कौलाखालची फट उघडी हवी. निखाऱ्यांतून येणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, पिल्लं झोपल्यासारखी मरतात आणि शेजारी झोपलेल्या माणसालाही तो धोका आहे. थोडा वेळच वीज जाणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवल्या तरी भागतं. पहिले तीन दिवस रात्रभर उजेड ठेवा, पण चौथ्या दिवसापासून रोज तासभर काळोख करून सवय लावा. नाहीतर ज्या दिवशी अचानक दिवे जातात त्या दिवशी पिल्लं घाबरून एका जागी ढीग करतात.

पहिला दिवस

बल्ब पिल्लं येण्याच्या चार-पाच तास आधी लावा, गादी आतून गरम व्हायला वेळ लागतो. पाणी आधी, दाणा नंतर. एक लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर गूळ विरघळवा आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा त्यात बुडवून मग खाली सोडा. पन्नास पिल्लांना दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि त्याच वेळी मोजणी आणि तपासणीही होते. गुळाचं पाणी पहिल्या काही तासांपुरतंच, दिवसभर ठेवलं तर ते आंबतं.

दोन तासांनी दाणा. पहिल्या दिवशी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा, त्याने गुदद्वाराला विष्ठा चिकटण्याचं प्रमाण कमी राहतं. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. रात्री झोपण्याआधी दहा-बारा पिल्लं उचलून गळ्याखालची अन्नपिशवी बोटाने चाचपा. मऊ, भरलेली लागली तर खाणं-पिणं दोन्ही चाललंय. कडक गोळी लागली तर पाणी मिळत नाही. रिकामी लागली तर ते पिल्लू भांड्यापर्यंत पोचलेलंच नाही, त्याला उचलून पाण्याजवळ बसवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत रोज एकदा मागची बाजू बघा. विष्ठा वाळून डिंकासारखी चिकटलेली असेल तर ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस मिनिटभर धरा, सैल झालं की पुसा, कोरडं करा, खोबरेल तेलाचं बोट लावा. अशा पिल्लांची संख्या एकदम वाढली तर बल्बची उंची तपासा, बहुतेक वेळा ऊब कमी किंवा जास्त झालेली असते.

एक लिटरची दोन पाण्याची भांडी, एक फूट लांबीची दोन-तीन खाद्यभांडी पहिल्या आठवड्याला पुरतात. भांडं विटेवर ठेवा आणि त्याची कड नेहमी पिल्लाच्या पाठीच्या रेषेत राहील अशी दर आठवड्याला उंची वाढवा. एवढ्यानेच सांडलवंड निम्मी होते. खाद्यभांडं काठोकाठ भरू नका, अर्ध्यावर भरा.

बदकाची पिल्लं

यांना ऊब कमी लागते. पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. कोकणात तिसऱ्या आठवड्यात बल्ब काढता येतो, नाशिक-पुण्याच्या थंडीत चौथ्यापर्यंत रात्री ठेवावा. दहा पिल्लांना एकच ६० वॅटचा बल्ब पुरतो. जागा मात्र सढळ हवी: सुरुवातीला पिल्लामागे अर्धा चौरस फूट, दुसऱ्या आठवड्यात एक, पुढे दोन.

यांचा सगळा प्रश्न पाण्याचा आहे. बदकाला दाणा गिळताना पाणी लागतं आणि चोचीवरच्या नाकपुड्या व डोळे धुण्यासाठी डोकं बुडवता यावं लागतं. उथळ ताटलीत ते होत नाही, नाकपुड्यांत खाद्य वाळून बसतं आणि डोळे चिकटतात. खोल भांडं दिलं तर पिल्लू आत शिरतं, भिजतं, गारठून मरतं. मार्ग असा: प्लास्टिकचा दोन-तीन लिटरचा डबा घ्या, तळापासून तीन इंचांवर बाजूला दीड ते दोन इंचांची तीन-चार भोकं पाडा. डोकं आत जातं, अंग जात नाही. भोकांच्या कडा मेणबत्तीच्या आचेवर गुळगुळीत करा. आता एक घमेलं घ्या, त्यावर अर्धा इंची वेल्डेड जाळीचा तुकडा कडा खाली दुमडून बसवा आणि डबा त्या जाळीवर ठेवा. उडवलेलं सगळं पाणी घमेल्यात पडतं, गादी कोरडी राहते. बाजूने जाळीवर चढायला विटेची पायरी द्या. घमेलं दिवसातून दोनदा रिकामं करायचं, ते पाणी नारळाला किंवा केळीला घाला.

गादी तीन-चार इंचांची आणि रोज वरून थोडं कोरडं तूस. गुळगुळीत फरशी, प्लास्टिक, वर्तमानपत्र यांच्यावर बदकाची पिल्लं ठेवूच नका, त्यांचे पाय कोंबडीपेक्षा लवकर फाकतात.

पोहायला कधी सोडायचं? बदकीण स्वतः पिल्लं घेऊन तळ्यात उतरते हे खरं, पण तिच्या पिसांतलं तेल त्या पिल्लांच्या लवेला लागलेलं असतं आणि बाहेर आल्यावर ती त्यांना पंखाखाली घेते. ब्रूडरमधल्या पिल्लाला दोन्ही नाही. छातीवर आणि पोटाखाली खरी पिसं फुटेपर्यंत, म्हणजे साधारण चार आठवडे, पोहणं बंद. त्यानंतर उन्हाच्या वेळी, चार इंच पाण्यात, दहा-पंधरा मिनिटं, आणि बाहेर यायला खडबडीत उतार.

खाद्यातली तफावत

कोंबडीच्या पिल्लांना सहा आठवड्यांपर्यंत २० टक्के प्रथिनांचा चिक स्टार्टर. पन्नास पिल्लांना पहिल्या चार आठवड्यांत ३० ते ३५ किलो लागतो, सहा आठवड्यांत साधारण ६५ किलो. ५० किलोच्या दोन पिशव्या एकदम आणून ठेवू नका, पावसाळ्यात दुसरी संपेपर्यंत तिला वास येतो. लेयर मॅश कोंबडीच्या किंवा बदकाच्या पिल्लांना कधीही नको. त्यातला चुना अंडी घालणाऱ्या कोंबडीसाठी असतो, पिल्लांची मूत्रपिंडं त्याने खराब होतात.

बदकाला २० ते २२ टक्के प्रथिनं. बदकांचं वेगळं खाद्य बाजारात सहज मिळत नाही, म्हणून चिक स्टार्टर वापरावा लागतो, पण तीन गोष्टी सांभाळून. पहिली, पिशवीवरचं लेबल वाचा आणि औषध मिसळलेला स्टार्टर घेऊ नका. बदक वजनाच्या मानाने जास्त खातं आणि औषधाची मात्रा वाढते. दुसरी, नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट लागतं आणि मक्यातलं नायसिन फारसं अंगी लागत नाही. कमी पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाय बाहेर वाकतात, ढोपराचा सांधा सुजतो, पिल्लू बसूनच खायला लागतं. एक किलो खाद्याला ५० ग्रॅम ब्रुअर्स यीस्टची पावडर पहिल्या दिवसापासून मिसळा, किंवा पशुवैद्यकाला विचारून बी-कॉम्प्लेक्सचं द्रावण पाण्यातून द्या. पाय पुरते वाकल्यावर दिलेलं सहसा उपयोगी पडत नाही. तिसरी, कोरडी पीठासारखी मॅश बदकाच्या घशात अडकते. ती पाण्याने भिजवा, मूठ वळली की गोळा व्हावा पण बोटांतून पाणी सुटू नये. दोन तासांत संपेल एवढंच भिजवा, उरलेलं उचलून टाका.

सगळ्यांत महत्त्वाचं बुरशीबद्दल. भिजलेल्या मक्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढणाऱ्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, बदकाला कोंबडीपेक्षा फारच थोड्या मात्रेत मारतं. खाद्य दिसायला चांगलं असतं, कोंबड्या खाऊन ठीक असतात आणि बदकाची पिल्लं दोन दिवसांत एकामागून एक जातात. असं झालं तर औषध शोधत बसण्याआधी खाद्य बदला. पिशवी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. बदकांना शेंगदाणा पेंड न दिलेलीच बरी.

कोकणात प्रथिनांसाठी सुकटीचा किंवा सुक्या मासळीचा चुरा घालतात. खारवलेली मासळी पिल्लांना विषासारखी आहे: भरमसाट पाणी पितात, पातळ हगतात, पोटात पाणी भरून मरतात. बिनमिठाची असेल तरच द्या. त्यापेक्षा वाळवी बरी आणि फुकटची. मडक्यात ओलं गोणपाट आणि वाळलं शेण भरून संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घाला, सकाळी वाळवी भरलेली मिळते. दुसऱ्या आठवड्यापासून शेवग्याचा पाला, मेथी, घोळ बारीक चिरून थोडी थोडी द्या, बदकांना अझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पतीही आवडते. हिरवा पाला सुरू केला की बारीक वाळूचं एक भांडं ठेवा, दात नसलेल्या पक्ष्याला दळायला खडे लागतात.

लसी

कोंबडीच्या पिल्लांचं वेळापत्रक असं आहे:

५ ते ७ वा दिवस: राणीखेत (मानमोडी) रोगासाठी लासोटा लस, डोळ्यात एक थेंब.
१४ वा दिवस: गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस, डोळ्यात किंवा पाण्यातून. २४ ते २८ व्या दिवशी पुन्हा.
३५ व्या दिवसाच्या सुमारास: लासोटा पुन्हा, पाण्यातून.
६ ते ७ वा आठवडा: देवीची लस, पंखाच्या पडद्यात.
८ ते ९ वा आठवडा: राणीखेतची आर२बी, टोचून. त्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध.

आर२बीची लस जहाल असते, आधी लासोटा न दिलेल्या किंवा लहान पिल्लांना ती टोचली तर लसीनेच मानमोडी होते. दोन लसींमध्ये निदान आठवडाभर जाऊ द्या, आणि आजारी दिसणाऱ्या पिल्लाला लस नको.

लस २ ते ८ अंशांत राहिली तरच जिवंत असते. दुकानातून बर्फाच्या थर्मासमधूनच आणा, पिशवीत टाकून मोटारसायकलवर उन्हातून आणलेली लस पाण्याइतकीच उपयोगी. डोळ्यात थेंब टाकल्यावर पिल्लाने डोळा मिटेपर्यंत हातात धरा. पाण्यातून देताना आधी दोन तास पाणी काढून घ्या, नळाचं क्लोरीनचं पाणी वापरू नका, लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून वीस मिनिटांनी लस घाला. चौदाव्या दिवशी ५० पिल्लांना अर्धा लिटर, महिन्याच्या वयाला एक लिटर पाणी घ्या, म्हणजे ते तासाभरात संपतं. बाटली निदान १०० मात्रांची येते आणि फोडली की उरलेली फेकावी लागते. गल्लीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणली तर खर्च वाटला जातो आणि रोगही बाहेर राहतो.

बदकांना ३-४ आठवड्यांत डक कॉलराची आणि ८ ते १२ आठवड्यांत डक प्लेगची लस देतात. राणीखेतने बदक सहसा आडवं पडत नाही, पण त्याचा विषाणू बाळगू शकतं. वेगळं ठेवायचं हेही एक कारण.

काय बिघडतं आणि कशावरून कळतं

तीन ते सहा आठवड्यांत पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून, फुगून बसलं आणि विष्ठेत रक्त दिसलं की रक्ती हगवण समजा. गादी ओली झाल्याशिवाय ती पसरत नाही. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अँप्रोलियम पाण्यातून द्या, पण त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स बंद ठेवा, ते औषधाचा परिणाम मारतं. आणि गादी बदला, नाहीतर औषध थांबलं की पुन्हा तेच. याच वयात पांढरी, पाण्यासारखी हगवण आणि थरथर असेल तर गंबोरोचा संशय घ्या. हिरवी हगवण, घरघर, मान मुरगळणं ही राणीखेतची लक्षणं. या दोन्ही विषाणूंवर उपचार नाहीत, वेगळं करणं आणि उरलेल्यांना जपणं एवढंच हातात आहे.

उन्हाळ्यात बदकाची मान लुळी पडून जमिनीला टेकली तर आटलेल्या डबक्यात काहीतरी सडलेलं त्याने खाल्लंय. मेलेला पक्षी परसात किंवा ओढ्यात कधीही टाकू नका, त्यावरच्या अळ्या खाऊन पुढची बदकं जातात. खोल पुरा, वर चुना टाका.

पहिल्या महिन्यात शंभरात तीन ते पाच पिल्लं जाणं धरून चालावं. एकाच दिवशी चार-पाच गेली तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात कळवा आणि त्याआधी पक्षी विकू, हलवू किंवा वाटू नका. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारमधल्या नवापूरला आढळला, आणि बदक हा रोग लक्षणं न दाखवता बाळगू शकतं. रानबदकं उतरतात त्या तलावावर हिवाळ्यात घरची बदकं नेऊ नका.

आजाराइतकेच शत्रूही सांभाळावे लागतात. षट्कोनी भोकांची नेहमीची कोंबडी-जाळी घूस कुरतडते आणि साप तिच्यातून सहज आत येतो. अर्धा इंची वेल्डेड जाळीच लावा आणि ती जमिनीत फूटभर पुरा, मुंगूस खालून उकरतं. लाल मुंग्या बेंबीपाशी लागल्या तर पिल्लू रात्रीत संपतं, कड्याबाहेर राखेची आणि चुन्याची जाड रेघ ओढा. मुंग्यांची विषारी पावडर तिथे नको.

खुडूक कोंबडी असेल तर

घरी गावरान कोंबडी खुडूक बसली असेल तर वरची अर्धी खटपट वाचते. दहा-बारा अंडी, सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. सातव्या-आठव्या रात्री टॉर्चवर धरून शिरा न दिसणारी काढून टाका. कोंबडीची अंडी २१ दिवसांत, बदकाची २८ दिवसांत, मस्कोव्ही जातीच्या बदकाची ३५ दिवसांत फुटतात. तिच्याखाली बदकाची अंडी ठेवायची तर सहा-सातच, कारण ती मोठी असतात. दोन्ही मिसळून ठेवू नका, कोंबडीची पिल्लं निघाली की ती उठते आणि बदकाची अंडी थंड पडतात. बसवण्याआधी कोंबडीच्या पंखाखाली उवांची पावडर चोळा. पिल्लं निघाल्यावर तिला पिल्लांसह डालग्याखाली आठ-दहा दिवस ठेवा. मोकळी सोडलेली कोंबडी पिल्लांना लांब फिरवते आणि घार-कावळे रोज एक-दोन उचलतात.

बाहेर सोडणं

कोंबडीची पिल्लं सहाव्या आठवड्यापासून, पहिले काही दिवस ऊन चढल्यावर दोन तास, मग हळूहळू वाढवत. सोडण्याआधी सकाळी थोडं आणि संध्याकाळी पोटभर खाद्य दिलं की ती स्वतःहून परततात. पावसाळ्यात जमीन चिकचिकीत असताना सुरुवात करू नका. रात्रीच्या खुराड्यात मोठ्या पक्ष्यामागे दीड ते दोन चौरस फूट आणि बसायला जाड, गोल काठी. बदकाला काठी नको, जमिनीवर कोरडा पेंढा आणि पक्ष्यामागे तीन-चार चौरस फूट. त्याचं दारही वेगळं. एका छपराखाली मध्ये जाळी घालून दोन खण केले तरी चालतं, उतार मात्र बदकांच्या खणाकडून बाहेर हवा.

भातखाचरात बदकं सोडायची असतील तर लावणीनंतर रोप धरून उभं राहिलं की सोडा, ती गोगलगायी, किडे आणि तण वेचतात. लोंब्या येऊ लागल्या की काढा, नाहीतर तेच खातात. फवारणी केलेल्या किंवा फवारलेल्या शेतातून पाणी येणाऱ्या खाचरात सोडू नका.

साधारण पाचव्या महिन्यात खाकी कॅम्पबेल अंड्यावर येते, गिरिराज-वनराज साडेपाच-सहा महिन्यांत. एका खाकी बदकाने वीस आठवड्यांपर्यंत साधारण साडेबारा किलो खाद्य खाल्लेलं असतं. आता लेयर खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा सुरू करा. कोंबडी खोक्यात घालते, बदक चालता चालता कुठेही, पाण्यातसुद्धा घालतं. बदकांची अंडी पहाटे ते सकाळी आठ-नऊच्या दरम्यान पडतात, म्हणून नऊ वाजेपर्यंत खणाचं दार उघडू नका, अंडी पेंढ्यातच मिळतात.